नंबर बरोबर असूनही चष्मा का जमत नाही: मोजमापाच्या साधनांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय सत्तेचाळीस, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच नंबर, त्यात सव्वाचा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेला लागणारा जादा नंबर. चाळिशी लागल्यामुळे यंदा पहिल्यांदाच प्रोग्रेसिव्ह, म्हणजे दूरपासून वाचनापर्यंतचे नंबर एकाच काचेत असलेला, चष्मा केला. तीन आठवडे झाले तरी जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते, संगणकावर वाचताना हनुवटी उचलावी लागते आणि संध्याकाळी कपाळ ठणकते. डॉक्टरांनी पुन्हा तपासून नंबर बरोबर असल्याचे सांगितले. दुकानदाराने काच यंत्राखाली धरून नंबर तंतोतंत असल्याची छापील चिठ्ठी हातात ठेवली. मग चूक कुठे आहे, आणि दुकानातली ही यंत्रे नेमके काय मोजतात?

मी सत्तावीस वर्षे चष्म्याच्या दुकानात फिटिंग आणि तपासणीचे काम करतो. माझ्या अनुभवानुसार अशा प्रसंगी डॉक्टर आणि दुकानदार दोघेही बहुधा खरेच बोलत असतात. काचेचा नंबर मोजणारे यंत्र एक असते आणि ती काच डोळ्यासमोर कुठे, किती तिरकी आणि किती अंतरावर बसली आहे हे मोजणारी साधने निराळी असतात. छापील चिठ्ठी फक्त पहिल्या यंत्राची असते. तक्रारींचे मूळ मात्र पुष्कळदा दुसऱ्या प्रकारच्या मोजमापात सापडते, आणि ते मोजमाप घाईच्या वेळी सर्वांत आधी गाळले जाते.

काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्राला आपल्याकडे सगळे लेन्सोमीटर म्हणतात. मुळात ते अमेरिकन ऑप्टिकल या कंपनीच्या यंत्राचे व्यापारी नाव होते. वनस्पती तुपाला जसे सरसकट डालडा म्हटले जाऊ लागले तसेच हेही झाले. त्यामागचे तत्त्व फ्रेंच नेत्रवैद्य बादाल यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या दृष्टिमापकाचे आहे. यंत्राच्या पोटात एक ठरावीक भिंग बसवलेले असते आणि तपासायची काच बरोबर त्याच्या नाभीवर टेकते. या रचनेमुळे आतली प्रकाशित खूण सरकवण्याचे अंतर आणि काचेचा नंबर यांचे प्रमाण सरळ राहते. आतले भिंग अधिक वीस नंबराचे असेल, तर प्रत्येक डायॉप्टरला, म्हणजे एका पूर्ण नंबराला, खूण अडीच मिलिमीटर सरकते. म्हणूनच ड्रमवरच्या, म्हणजे खूण सरकवणाऱ्या आकड्यांच्या चाकावरच्या, रेघा शून्यापाशी आणि दहापाशी सारख्याच अंतरावर आखता येतात. काच ठेवताना तिची आतली, म्हणजे डोळ्याकडची बाजू आधारावर टेकवायची असते, कारण चष्म्याचा नंबर मागच्या पृष्ठाच्या मध्यबिंदूपासून मोजण्याचा संकेत आहे. मायनसच्या पातळ काचेत उलटसुलट केल्याने फारसा फरक पडत नाही. मोतीबिंदूच्या जुन्या शस्त्रक्रियांनंतर जे जाड प्लस भिंग देत असत, ते उलटे ठेवून वाचले तर मात्र नंबर उघडउघड चुकतो.

हाताच्या लेन्सोमीटरमध्ये सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे डोळा लावायची नळी. काच ठेवण्याआधी ती नळी पूर्ण बाहेर फिरवायची आणि आतली काळी फुली जेमतेम स्पष्ट होईपर्यंत हळूहळू आत आणायची. फुली स्पष्ट झाली की थांबायचे. मग काच न ठेवता ड्रम फिरवला, तर हिरवी खूण बरोबर शून्यावर स्पष्ट दिसली पाहिजे. मी कामाला लागलो त्या वर्षी हे मला कोणी सांगितले नव्हते. नळी आमच्या ज्येष्ठ फिटरच्या डोळ्यानुसार लावलेली असे आणि मी तशीच वापरत असे. एका आठवड्यात मी अकरा काचा पाव नंबराचा फरक आहे म्हणून परत पाठवल्या, आणि त्या सगळ्या बरोबर असल्याची चिठ्ठी लावून परत आल्या. त्यानंतर ज्येष्ठांनी शांतपणे नळी फिरवून दाखवली. तरुण डोळा ताण देऊन धूसर खूणही स्पष्ट करून घेतो, त्यामुळे ही चूक विशीतल्या मुलाच्या लक्षात येत नाही. चाळिशी उलटलेल्याला ती लगेच खटकते.

आपल्या चष्म्याची उजवी काच मी या यंत्रावर कशी वाचेन ते सांगतो. ड्रम प्लसकडून मायनसकडे फिरवत आणायचा. खुणेत एका दिशेने जवळजवळ आखलेल्या बारीक रेघा असतात आणि त्यांना काटकोनात तीन जाड रेघा असतात. काचेत सिलिंडर असला तर दोन्ही एकाच वेळी स्पष्ट होत नाहीत, आणि अक्षाचे, म्हणजे सिलिंडरची दिशा दाखवणारे, चाक योग्य जागी नसेल तर रेघा तुटक आणि वाकड्या दिसतात. चाक फिरवता फिरवता बारीक रेघा अखंड, धारदार झाल्या की ड्रम वाचायचा: मायनस साडेपाच. आणखी मायनसकडे गेले की बारीक रेघा विरघळतात आणि जाड रेघा उठून येतात: मायनस पावणेसात. दोहोंतला फरक सव्वा, हा सिलिंडर, आणि चाकावरचा आकडा हा अक्ष. या अक्षाला फार जपावे लागते. अक्ष दहा अंशांनी चुकला तर सिलिंडरच्या सुमारे पस्तीस टक्के दोष शिल्लक राहतो, म्हणजे आपल्या सव्वाच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ अर्धा नंबर. तीस अंशांनी चुकला तर सिलिंडर असून नसल्यासारखा होतो. अमेरिकी झेड ८०.१ मानकात पाऊण ते दीड नंबराच्या सिलिंडरला अक्षात फक्त तीन अंशांची सूट आहे. गोल फ्रेममध्ये काच जरा सैल बसली तर रोजच्या पुसण्यातसुद्धा ती तेवढी फिरू शकते, आणि त्या वेळी नंबर बरोबरच येतो, फक्त अक्ष सरकलेला असतो.

आता बहुतेक दुकानांत स्वयंचलित लेन्सोमीटर असतो. तो झटपट आणि निःपक्ष असतो, पण त्याला काच सरळ टेकली आहे की नाही हे कळत नाही. एक बाजू बोटाच्या दाबाने उचललेली असली तरी तो तितक्याच आत्मविश्वासाने आकडे छापतो. काचेचे द्रव्य कोणते हेही त्याला सांगावे लागते, कारण पॉलिकार्बोनेटमध्ये रंगांचे विभाजन साध्या प्लास्टिकपेक्षा बरेच जास्त होते: साध्या प्लास्टिकचा आबे अंक (तो जितका कमी तितके विभाजन जास्त) ५८ च्या आसपास, तर पॉलिकार्बोनेटचा जेमतेम ३०. चढ्या नंबरात ही मांडणी चुकीची ठेवली तर वाचन सरकते. आमच्याकडे दर सोमवारी तपासणी पेटीतल्या चार ठरावीक काचा दोन्ही यंत्रांवर वाचून वहीत नोंदवल्या जातात. या नोंदीला पाच मिनिटे लागतात.

आपल्या छापील चिठ्ठीबद्दल आणखी एक शंका मनात ठेवावी लागेल. संगणकावर आखून घासलेल्या आजच्या प्रोग्रेसिव्ह काचांमध्ये उत्पादक फ्रेमचा तिरकेपणा आणि डोळ्यापासूनचे अंतर गृहीत धरून नंबर किंचित बदलून देतात. काचेच्या पाकिटावर म्हणून दोन नंबर असतात: डॉक्टरांनी लिहिलेला आणि यंत्रावर दिसायला हवा तो. यंत्रावर डॉक्टरांचा नंबर अगदी हुबेहूब आला, तर कधी कधी तीच काळजीची गोष्ट असते. उलट, यंत्रावर थोडा वेगळा नंबर दिसला म्हणून बिनचूक काच परत पाठवणारे दुकानदारही मी पाहिले आहेत. दुकानात पाकीट जपून ठेवलेले असेल तर ते पाहायला मागावे.

काचेची वक्रता मोजायला एक लहानसे साधन असते, ज्याला आम्ही लेन्स क्लॉक म्हणतो. खिशातल्या घड्याळाएवढ्या तबकडीला खाली तीन टाचण्या असतात. बाहेरच्या दोन स्थिर, मधली स्प्रिंगवर. ती काचेवर उभी टेकवली की मधली टाचणी किती आत किंवा बाहेर गेली यावरून काटा वक्रतेचा नंबर दाखवतो. तबकडी १.५३ अपवर्तनांक धरून आखलेली असते, त्यामुळे आजच्या १.६७ च्या पातळ काचेवर काटा मायनस सहा दाखवत असेल तर त्या पृष्ठाची खरी शक्ती मायनस साडेसातच्या थोडी वर असते. ही दुरुस्ती न करता पुढची आणि मागची बाजू मोजून बेरीज करणारा माणूस हमखास फसतो. नंबर मोजण्यासाठी हे साधन मी वापरतच नाही. जुन्या आणि नव्या काचेची पुढची वक्रता सारखी आहे का, आणि फ्रेममध्ये घट्ट कोंबल्यामुळे काच पिळवटली आहे का, हे पाहण्यासाठी ते अमूल्य आहे. तबकडी जागच्या जागी फिरवताना काटा हलत राहिला तर गोल पृष्ठावर नसलेला सिलिंडर दाबामुळे तयार झाला आहे असे समजावे. एक खबरदारी अशी की टाचण्या उचलून ठेवाव्यात, काचेवरून सरकवू नयेत. प्लास्टिकच्या काचेवर त्यांचा ओरखडा कायमचा राहतो.

इथपर्यंतची सगळी साधने काचेची झाली. आता चेहऱ्याकडे वळतो, कारण मला आपल्या तक्रारीचे मूळ इथेच दिसते. दोन बाहुल्यांमधल्या अंतराला सगळे दुकानदार पीडी म्हणतात. प्रौढांमध्ये ते साधारण ५४ ते ७४ मिलिमीटरांच्या दरम्यान असते. ते का मोजायचे, हे न्यूयॉर्कच्या चार्ल्स प्रेंटिस या चष्मेवाल्याने प्रिझमचे, म्हणजे काचेमुळे प्रकाश बाजूला वळण्याचे, एकक १८९० मध्ये मांडताना दाखवलेल्या साध्या गुणाकाराने कळते: काचेच्या मध्यापासून नजर जितके सेंटिमीटर बाजूला पडते, त्याला नंबराने गुणले की तिथे निर्माण होणारा प्रिझम मिळतो. समजा आपले पीडी ६२ आहे आणि फ्रेमवर आतल्या बाजूला ५२ आणि १८ असे आकडे छापलेले आहेत, म्हणजे काचेची रुंदी आणि मधल्या पुलाची रुंदी मिळून ७०. प्रत्येक काचेचा मध्य नाकाकडे चार मिलिमीटर सरकवायला हवा होता. फिटरने तो दोनच मिलिमीटर सरकवला, तर दोन्ही मिळून चार मिलिमीटरांची चूक झाली, आणि साडेपाच नंबराला तिचा अर्थ २.२ प्रिझम डायॉप्टर. झेड ८०.१ मानकात आडव्या दिशेला एकूण ०.६७ पर्यंतच सूट आहे, म्हणजे आपल्या नंबराला जेमतेम सव्वा मिलिमीटर. त्यातही मायनस काचांचे मध्य गरजेपेक्षा लांब गेले की डोळ्यांना बाहेरच्या दिशेने फाकावे लागते, आणि डोळ्यांची ती क्षमता फार थोडी असते. संध्याकाळी कपाळ ठणकण्याला एवढे कारण पुरते.

साध्या मोजपट्टीनेही पीडी उत्तम मोजता येते, पण तिची एक शिस्त आहे. मोजणाऱ्याने समोर हातभर अंतरावर, डोळे ग्राहकाच्या डोळ्यांच्या पातळीत ठेवून बसायचे. आपला उजवा डोळा मिटून ग्राहकाला आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहायला सांगायचे आणि त्याच्या उजव्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर पट्टीचा शून्य लावायचा. मग पट्टी आणि डोके मुळीच न हलवता डावा डोळा मिटायचा, उजवा उघडायचा, ग्राहकाला त्याच्याकडे पाहायला सांगायचे आणि त्याच्या डाव्या बुबुळाच्या आतल्या कडेचा आकडा वाचायचा. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंदाजाने वाचले तर दोन-तीन मिलिमीटर सहज इकडचे तिकडे होतात. प्युपिलोमीटर हे दुर्बिणीसारखे दिसणारे यंत्र दुरून आलेल्या प्रकाशाचा आभास निर्माण करते आणि डोळ्याच्या पारदर्शक पटलावर चमकणाऱ्या ठिपक्यापर्यंतचे अंतर नाकाच्या मध्यापासून वेगवेगळे देते. प्रोग्रेसिव्हसाठी हे वेगळे आकडेच हवेत, कारण नाक मधोमध असतेच असे नाही. ३० आणि ३२ अशी जोडी मला रोज दिसते. एकूण ६२ चे सरळ ३१-३१ करणाऱ्याला काम चुकले आहे हे कधीच कळत नाही, कारण एकूण बेरीज बरोबर येते. भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्याने पीडी काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जवळ पाहताना डोळे आत वळतात आणि अंतर तीन-चार मिलिमीटरांनी कमी येते. दुरुस्तीविना तो आकडा दूरच्या चष्म्याला वापरू नये.

यानंतर उंची, जिच्यामुळे आपल्याला हनुवटी उचलावी लागते असा माझा कयास आहे. प्रोग्रेसिव्ह काचेवर कारखान्यातून पुसता येणाऱ्या रंगाची एक फुली येते, आणि सरळ दूर पाहताना ती बाहुलीच्या बरोबर समोर हवी. तिच्याखाली वाचनाकडे उतरणारी अरुंद वाट असते. फुली बाहुलीच्या खाली पडली तर वाचनाचा भाग खोल जातो आणि माणूस हनुवटी उचलतो. फुली वर पडली तर दूर पाहताना तो मान खाली घालतो. उंची मोजण्यासाठी निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर चढवून रिकाम्या काचेवर बाहुलीसमोर ठिपका द्यायचा आणि काचेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर मोजायचे, इतके हे सोपे आहे. पण त्याआधी फ्रेम त्या चेहऱ्यावर पूर्ण बसवून घ्यावी लागते. काड्या गरम हवेच्या हीटरवर वाकवून कानामागे नीट टेकवायच्या, नाकावरचे पॅड जुळवायचे, पुढचा भाग खालच्या बाजूने गालाकडे आठ ते बारा अंश झुकवायचा, आणि मगच ठिपका द्यायचा. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो: फ्रेम गल्ल्यावरून उचलली तशी नाकावर ठेवून ठिपका दिला जातो आणि चष्मा तयार झाल्यावर काड्या वाकवल्या जातात. त्या वाकवण्यात फ्रेम दोन-तीन मिलिमीटर खाली-वर होते, आणि ठिपक्याच्या मोजणीला काही अर्थ उरत नाही. आपल्या हवेत घामाने नाकावरून घसरणारी फ्रेम हा याच चुकीचा दुसरा अवतार आहे.

डोळ्यापासून काचेपर्यंतचे अंतर मोजायला डिस्टोमीटर नावाचे कर्कटकासारखे साधन असते. त्याचे एक टोक मिटलेल्या पापणीवर अलगद टेकते आणि पापणीची जाडी त्याच्या मापात धरलेली असते. हे अंतर सहसा १२ ते १४ मिलिमीटर असते. मायनस दहाच्या माणसाची काच तीन मिलिमीटर पुढे गेली तर त्याला सुमारे पाव नंबर कमी पडतो. आपल्या साडेपाचला तेवढ्याने दहाव्या हिश्शापेक्षाही कमी फरक पडतो, त्यामुळे दोष इथे शोधण्यात वेळ घालवू नये.

किरकोळ साधनांपैकी जाडी मोजण्याच्या कर्कटकाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. ताण दाखवणारी पेटी मात्र प्रत्येक दुकानात हवी आणि ती क्वचितच दिसते. एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन ध्रुवक पट्ट्यांमध्ये चष्मा धरला की जिथे काच फ्रेममध्ये आवळली आहे तिथे उजळ पट्टे उमटतात. कडेला थोडे असतातच, पण ते काचेच्या मध्यापर्यंत पोहोचले असतील तर काच पुन्हा किंचित घासावी लागते.

आपल्या चष्म्यावरची रंगीत फुली आता पुसली गेली असेल, तरी तपासणी अडत नाही. प्रत्येक प्रोग्रेसिव्ह काचेत एकमेकांपासून ३४ मिलिमीटर अंतरावर दोन अतिसूक्ष्म खुणा कोरलेल्या असतात. काळ्या पार्श्वभूमीसमोर, बाजूने येणाऱ्या उजेडात काच तिरकी धरून तिच्यावर श्वास सोडला की त्या क्षणभर उमटतात. कानाकडच्या खुणेखाली वाचनाचा जादा नंबर असतो, म्हणजे २० लिहिले असेल तर अधिक दोन. दुकानदाराने या खुणांवर शाईचे ठिपके द्यावेत, काच कंपनीच्या तक्त्यावर ठेवून फुली पुन्हा आखावी आणि चष्मा आपल्याला घालून, समोरासमोर बसून फुली बाहुलीवर येते का ते पाहावे. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. फुली दोन मिलिमीटर खाली दिसली आणि फ्रेमला हलणारे पॅड असतील, तर ते एकमेकांजवळ आणून फ्रेम वर उचलता येते आणि काच बदलावीच लागत नाही. आडवी चूक मात्र अशी भरून निघत नाही. पॅड कितीही वाकवले तरी मध्य जवळ येत नाहीत, आणि काच नव्याने करावी लागते.

पायरी हलण्याबद्दल मला हात राखून बोलावे लागेल. प्रोग्रेसिव्ह काचेच्या खालच्या कडांना थोडी विकृती असतेच, आणि जिना उतरताना नजर नेमकी वाचनाच्या भागातून जाते. फिटिंग बिनचूक असतानाही पहिले काही दिवस मान वाकवून पायरी पाहायची सवय करावी लागते. मात्र तीन आठवड्यांनंतरही ती तितकीच हलत असेल, तर दुकानात जाताना आपला जुना एकेरी नंबराचा चष्मा सोबत न्यावा. त्याचे काचमध्य, पुढची वक्रता आणि फ्रेमचा झुकाव मोजून नव्याशेजारी मांडायला सांगावे. जुनी काच चार वक्रतेची आणि नवी दोनची निघाली, तर उंची दुरुस्त केल्यानंतरही जिन्याची तक्रार काही दिवस राहील, हे दुकानदाराने आपल्याला आधीच सांगितले पाहिजे.